सिगारेट कार्डांवरची जुनी विमानं: संग्रह सुरू करणाऱ्यांसाठी

पोस्टाची तिकिटं, नाणी किंवा काडेपेट्यांचे छाप जमवणारा एखादा तरी प्रत्येकाच्या ओळखीत असतो. सिगारेट कार्डं जमवणारे आपल्याकडे फार थोडे. त्यामुळे नव्याने या नादाला लागलेल्याला विचारायला माणूस सापडत नाही. इंग्रजीतली माहिती अफाट आहे, पण ती ब्रिटनमध्ये बसून खरेदी करणाऱ्यासाठी लिहिलेली. डोंबिवलीत किंवा कोल्हापुरात राहून मागवणाऱ्याच्या अडचणी वेगळ्या, आणि पावसाळ्याचं तर तिथे कुणी नावही काढत नाही. म्हणून हे लिहितोय. विषय मुद्दाम लहान ठेवलाय: ज्या कार्डांवर सुरुवातीच्या काळातली विमानं आहेत, तेवढीच.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. चित्र बघून कार्ड घेऊ नका. मागची बाजू वाचून घ्या.

१. ही वस्तू काय आहे ते समजून घ्या

पूर्वी सिगारेटी मऊ कागदी पाकिटात मिळायच्या. त्या चेपू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत अमेरिकी कंपन्यांनी त्या तुकड्यावर चित्रं छापायला सुरुवात केली, मग ब्रिटिश कंपन्यांनी ती कल्पना उचलली. चित्राला क्रमांक आणि मागे चार ओळींची माहिती. २५ किंवा ५० कार्डांचा एक संच, म्हणजे सेट. सेट पुरा व्हावा म्हणून गिऱ्हाईक त्याच ब्रँडला चिकटून राहायचं, आणि पोरं दुकानाबाहेर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याकडे कार्ड मागायची. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली आणि १९४० च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये हा प्रकार थांबला.

नेहमीच्या ब्रिटिश कार्डाचं माप साधारण ३६ × ६८ मिलिमीटर. हे माप पाठ करा, पुढे उपयोगी पडेल.

घरचे विरोध करतील याचीही तयारी ठेवा. ‘सिगारेटचं कार्ड’ म्हटलं की आधी ‘सिगारेट’ एवढंच ऐकू येतं. मी स्वतः ओढत नाही, हे आमच्याकडे पाकीट आलं की प्रत्येक वेळी नव्याने सांगावं लागतं.

२. काळ निवडा

‘जुनी विमानं’ एवढं ठरवून बाजारात उतरलात तर हाती नुसता पसारा येईल. काळाचे ढोबळ तीन टप्पे आहेत.

पहिला १९१० च्या आसपासचा. २५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली आणि युरोपभर विमानाचं वेड पसरलं. पुढच्याच वर्षी ब्रिस्टलच्या डब्ल्यू. डी. अँड एच. ओ. विल्स कंपनीने ‘एव्हिएशन’ नावाचा ५० कार्डांचा सेट काढला. राइट बंधूंचं पहिलं उड्डाण होऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. विमान कसं दिसावं हेच अजून ठरलं नव्हतं. पंख एक की दोन, शेपूट पुढे की मागे, सगळंच चाचपडत चाललेलं. त्या गोंधळाची तेव्हाच काढलेली रंगीत चित्रं म्हणजे ही कार्डं. माझ्या मते या विषयात याहून सुंदर काही नाही. मात्र ही कार्डं स्वस्त नाहीत.

दुसरा टप्पा पहिल्या महायुद्धाचा. लँबर्ट अँड बटलरचा १९१५ चा ‘एव्हिएशन’ हा २५ कार्डांचा सेट या काळातला. विमान आता जत्रेतलं नवल राहिलं नव्हतं, लढाईचं साधन झालं होतं. चित्रांतूनही ते जाणवतं.

तिसरा १९३० च्या दशकाचा. जॉन प्लेअर अँड सन्स या नॉटिंगहॅमच्या कंपनीचे ५०–५० कार्डांचे तीन सेट इथे महत्त्वाचे: ‘एरोप्लेन्स (सिव्हिल)’ १९३५, ‘इंटरनॅशनल एअर लाइनर्स’ १९३६ आणि ‘एअरक्राफ्ट ऑफ द रॉयल एअर फोर्स’ १९३८. हे प्रचंड संख्येने छापले गेले, म्हणून आजही सहज आणि स्वस्तात मिळतात.

सुरुवात तिसऱ्या टप्प्यापासून करा. ‘अर्ली’ विमानंच हवीत, १९३५ ची काय करायची, असं वाटेल. पण कागद हाताळायला, दर्जा ओळखायला, विक्रेत्याशी बोलायला शिकण्यासाठी स्वस्तातला एक पूर्ण सेट हातात असलेला बरा. हात बसला की १९१० कडे वळा.

भारताशी नातं असलेला धागा हवा असेल तर तोही आहे. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आँरी पेके याने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला विमानातून टपाल नेलं. विमानाने नेलेलं जगातलं पहिलं अधिकृत टपाल म्हणून ते ओळखलं जातं, आणि विमान होतं हंबर कंपनीचं बायप्लेन. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते डी हॅविलंड पस मॉथमधून. अशा विमानांची यादी करायची आणि त्यांची किंवा त्यांच्या भावंडांची कार्डं शोधायची. लँबर्ट अँड बटलरचा १९३६ चा २५ कार्डांचा ‘एम्पायर एअर रूट्स’ सेटही या धाग्यात बसतो.

राइट बंधूंच्या आधी मुंबईत विमान उडवल्याचं ज्यांच्याबद्दल सांगतात त्या शिवकर बापूजी तळपद्यांचं विमान कुठल्या कार्डावर आहे का, असं हमखास विचारलं जातं. मी पाहिलेल्या एकाही सेटमध्ये नाही. चौपाटीवरच्या १८९५ च्या त्या उड्डाणाचा समकालीन ठोस पुरावा नाही, तेव्हा ब्रिस्टलच्या तंबाखूवाल्याने ते छापलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नये.

३. मागची बाजू वाचायला शिका

नवा संग्राहक फसतो तो इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मागे पाहायच्या गोष्टी अशा: कंपनीचं नाव, सेटचं नाव, एकूण कार्डं किती हे सांगणारी ओळ, कार्डाचा क्रमांक, आणि तळाशी बारीक अक्षरात छापलेली मालकी कंपनीची ओळ.

ही शेवटची ओळ बहुतेक जण सोडून देतात. अमेरिकी तंबाखू कंपनीशी टक्कर द्यायला १९०१ मध्ये ब्रिटिश कंपन्या एकत्र आल्या आणि इंपीरियल टोबॅको कंपनी स्थापन झाली. विल्स, प्लेअर, लँबर्ट अँड बटलर ही नावं वेगवेगळी दिसली तरी सगळी त्याच छत्राखाली गेली. त्यानंतर ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या पाकिटांतल्या कार्डांवर इंपीरियलचा उल्लेख येऊ लागला. संग्राहक त्याला ‘आयटीसी क्लॉज’ म्हणतात. (आपल्या कोलकात्याच्या आयटीसीशी घोळ करू नका. तिचं मूळ नाव इंपीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया, स्थापना १९१०.) या कंपन्यांच्या विसाव्या शतकातल्या कार्डावर ही ओळ नसेल तर ते बहुधा परदेशी बाजारासाठी काढलेलं असतं. त्याने कार्ड खोटं ठरत नाही, वेगळं ठरतं. किंमतही वेगळी.

विल्सच्या ‘एव्हिएशन’चंच उदाहरण घ्या. ब्रिटनमधला सेट ५० चा. पण ऑस्ट्रेलियासाठी याच नावाने वेगळे सेट निघाले, ७५ आणि ८५ कार्डांचे. त्यांच्या मागे कॅप्स्टन, व्हाइस रीगल, हॅवलॉक अशी ब्रँडची नावं. पुढचं चित्र पाहून तुम्ही खुशाल ‘हे माझ्याकडे नाही’ म्हणून घ्याल, आणि घरी आल्यावर कळेल की ते तुमच्या सेटमध्ये बसतच नाही. क्रमांक ६१ चं कार्ड ५० च्या सेटमध्ये कुठे ठेवणार?

म्हणून विक्रेत्याने मागच्या बाजूचा फोटो दिला नसेल तर मागा. देत नसेल तर सोडून द्या.

१९३० च्या दशकातल्या कार्डांच्या मागे आणखी एक ओळ बऱ्याचदा दिसते: अल्बम तंबाखूच्या दुकानात एका पेनीला मिळेल. ही ओळ दिसली की सावध व्हा, कारण अशा कार्डाला मागून डिंक असतो. तिकिटासारखं ओलं करून अल्बममध्ये चिकटवायची सोय होती ती. आपल्या हवेत हा डिंक काय करतो ते आठव्या पायरीत.

४. सामान आणि कागदपत्रं

सामान थोडंच लागतं:

- दहापट मोठं दाखवणारं भिंग, सोनार किंवा घड्याळजी वापरतात तसलं
- मिलिमीटरची स्टीलची पट्टी
- नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च
- पॉलिप्रोपिलीनची किंवा पॉलिएस्टरची पारदर्शक पानं, प्रत्येक पानावर दहा कप्पे असलेली
- सिलिका जेलच्या पुड्या आणि घट्ट झाकणाचा डबा
- तिकीट संग्राहक वापरतात तो ग्लासीन कागद

परदेशातून मागवायचं तर बँकेच्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केलेले हवेत, ते बहुतेक बँकांत मुळात बंदच असतात. कुरिअरने येणाऱ्या पाकिटासाठी केवायसी मागतात, तेव्हा ओळखपत्राची स्कॅन केलेली प्रत तयार ठेवा. ओळखपत्रावरचं नाव आणि पाकिटावरचं नाव एकच असू द्या. एकीकडे ‘बाळासाहेब’ आणि दुसरीकडे ‘भालचंद्र’ असेल तर पाकीट अडकून बसतं. बिलाची प्रत आणि पैसे भरल्याची पावती पाकीट हातात पडेपर्यंत तरी फोनमध्ये असावी.

५. घेण्याआधी फुकट बघा

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने आपल्या जॉर्ज एरेंट्स संग्रहातली सिगारेट कार्डं मोठ्या संख्येने ऑनलाइन ठेवली आहेत, दोन्ही बाजूंच्या स्कॅनसह. ब्रिटिश म्युझियमकडे एडवर्ड व्हार्टन-टायगर यांनी मृत्युपत्राने दिलेला लाखो कार्डांचा संग्रह आहे. आठवडाभर संध्याकाळी अर्धा तास हे चाळा. अस्सल कार्डाचे रंग कसे असतात, मागचा मजकूर कसा बसवलेला असतो, हे डोळ्यांत भरतं. शोधताना कंपनी, सेटचं नाव आणि वर्ष तिन्ही इंग्रजीत टाइप करा. नुसतं ‘व्हिंटेज एअरप्लेन कार्ड’ टाकलंत तर काल छापलेली शुभेच्छापत्रं येतात.

६. कुठून घ्यायचं

आपल्याकडच्या बाजारांवर फार विसंबू नका. मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात सिगारेट कार्डं अधूनमधून दिसतात. पण ती बहुतेक विल्सच्या ‘सिझर्स’ ब्रँडची असतात. ही सिगारेट इथल्या पलटणींत खपायची, त्यामुळे तिच्या कार्डांवर शिपाई आणि नट्या जास्त. विमान क्वचित. गेलात तर जरूर बघा, पण विमानासाठी म्हणून मुद्दाम जाऊ नका.

खरा बाजार ब्रिटनमध्ये आहे. सॉमरसेटमधल्या सॉमर्टन गावची लंडन सिगारेट कार्ड कंपनी १९२७ पासून हाच व्यवसाय करते, आणि तिची दरसूची संग्राहक प्रमाण मानतात. १९३८ साली स्थापन झालेली कार्टोफिलिक सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटन ही संग्राहकांची संस्था. त्याखेरीज ऑनलाइन लिलाव आहेतच, तिथे भाव कमी मिळतो आणि जोखीम जास्त.

दरसूची वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, त्यात पूर्ण सेटचा भाव वेगळा आणि सुट्या कार्डाचा वेगळा असतो. सुट्याला ‘ऑड’ म्हणतात. ५० ऑड जोडत बसलात तर पूर्ण सेटपेक्षा बरेच जास्त पैसे जातात. म्हणून १९३० च्या दशकातले सेट एकगठ्ठा घ्या, आणि १९१० चे ऑड ऑड जमवा, कारण तिथे पूर्ण सेटची रक्कम एकदम काढणं जिवावर येतं. दुसरं, पहिल्या आणि शेवटच्या क्रमांकाचं कार्ड महाग असतं. गठ्ठ्याला रबर लावून ठेवायची सवय सगळीकडे सारखीच. मार खायची ती वरची आणि खालची कार्डं, त्यामुळे चांगल्या अवस्थेतली तीच कमी उरली. सेट घेताना विक्रेत्याकडे या दोन कार्डांचे आणि सेटमधल्या सगळ्यात वाईट कार्डाचे फोटो मागा. ‘वाईटातलं वाईट दाखवा’ म्हटलं की प्रामाणिक विक्रेता खूश होतो.

अल्बममध्ये चिकटवलेला सेट फार स्वस्त दिसतो. तो स्वस्तच असतो, कारण चिकटवलेल्या कार्डांना संग्राहक किंमत देत नाहीत. चित्रं बघायला हवी असतील तर जरूर घ्या. सोडवून सुटी करू म्हणून घेऊ नका. पाण्यात टाकून सोडवताना रंग आणि कागद दोन्ही जातात.

कस्टम्सबद्दल एवढंच: ड्युटी लागू शकते हे धरूनच हिशेब करा. ‘गिफ्ट लिहा, किंमत कमी दाखवा’ असं विक्रेत्याला सांगू नका. पाकीट हरवलं तर भरपाईही त्या कमी किमतीचीच मिळते. टपालखर्च कधी कधी सेटच्या निम्म्या किमतीवर जातो, म्हणून दोन-तीन सेट एकत्र मागवा. ब्रिटनमध्ये भाचा, मेहुणी कुणी असेल तर त्यांच्या पत्त्यावर गोळा करून येताना आणायला सांगणं सगळ्यात सोपं. फक्त हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा. लोणच्याच्या बरण्या गेलेल्या बॅगेतून नको.

७. खरं की नंतर छापलेलं?

जुने गाजलेले सेट पुढच्या काळात पुन्हा छापले गेले. त्यात फसवणूक नाही, बहुतेकांवर मागे तसं छापलेलंही असतं. गडबड होते ती कुणी तरी ते फ्रेममध्ये घालून ‘ओरिजिनल’ म्हणून विकतं तेव्हा. फ्रेममधली कार्डं मागची बाजू दिसल्याशिवाय घेऊच नका.

हातात आल्यावर तपासायचा क्रम असा:

पट्टीने मोजा. एखाद्या बाजूने एक-दीड मिलिमीटर कमी भरलं तर झिजलेली कड कापून ‘नवी’ केलेली असू शकते. चारही कोपरे टोकदार आणि कार्ड मात्र लहान, ही जोडी दिसली की समजा.

भिंगातून रंग पाहा. आजच्या छपाईत चार रंगांचे एकसारखे ठिपके फुलासारख्या नक्षीत दिसतात. १९१० च्या आसपासच्या लिथो छपाईत रंग सपाट किंवा वेड्यावाकड्या ठिपक्यांचा असतो, आणि काळी रेघ सलग.

अंधारात यूव्ही टॉर्च मारा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पांढऱ्या कागदात चकाकी आणणारी रसायनं सर्रास घालतात, तो निळसर पांढरा उजळतो. जुना कागद मंद राहतो. उजळला तर बहुधा नवा. पण उजळला नाही म्हणून अस्सल, असं उलट मात्र म्हणता येत नाही.

दर्जाची नावं विक्रेत्यागणिक थोडी बदलतात. एकाचं ‘व्हेरी गुड’ दुसऱ्याचं नुसतं ‘गुड’ असतं. शब्दापेक्षा फोटोवर विश्वास ठेवा: कोपरे, मधली घडी, तपकिरी डाग, मागे डिंकाचे ओरखडे. प्लास्टिकच्या डबीत बंद करून गुण देणारी ग्रेडिंगची पद्धत अमेरिकी कार्डांत चालते. प्लेअरच्या सेटसाठी तो खर्च वाया आहे.

८. जूनआधी करायची तयारी

इंग्लंडमध्ये नव्वद वर्षं धड राहिलेलं कार्ड कोकणात एका पावसाळ्यात खराब होऊ शकतं. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा इथल्यांनी हा भाग दोनदा वाचावा. सोलापूर-औरंगाबादकडच्यांना दमटपणाचा त्रास कमी, धुळीचा जास्त.

मागे डिंक असलेली कार्डं एकावर एक कधीच ठेवू नका. हवेतल्या ओलीने डिंक जागा होतो आणि गठ्ठ्याची वीट होते. एका कार्डाचा डिंक दुसऱ्याच्या चित्राला धरतो आणि सोडवताना नेमकं विमानच निघून येतं. प्रत्येक कार्ड वेगळ्या कप्प्यात ठेवा. कप्पे नसतील तोवर मध्ये ग्लासीन कागद घाला. अल्बम आडवा रचू नका, पुस्तकासारखा उभा ठेवा, म्हणजे दाब पडत नाही.

पीव्हीसीची पानं टाळा. उघडल्यावर नव्या रेनकोटसारखा वास आला तर ती पीव्हीसी. त्यातला मऊपणा आणणारा द्रव हळूहळू बाहेर पडून कार्डाला चिकटतो. लॅमिनेशन तर अजिबात नको. लॅमिनेट केलेलं कार्ड संग्राहकाच्या दृष्टीने संपलं.

अल्बम घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की ओल पिऊन भरले. ते मंद आचेवर, स्वयंपाकाला वापरत नसलेल्या भांड्यात परतून कोरडे करा. डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, त्या भिंतींना ओल येते. कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पाही नको. डांबराच्या गोळ्या कागदाजवळ ठेवू नयेत. कसर लागू नये म्हणून महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी डबा उघडून पानं चाळणं हाच खात्रीचा उपाय. त्या निमित्ताने कार्डं बघूनही होतात. उन्हात मात्र वाळवायची नाहीत, रंग उडतात.

तपकिरी ठिपके दिसायला लागले तर पुसू नका, ब्लीचचे घरगुती प्रयोग तर नकोतच. ते कार्ड वेगळं काढा, कोरड्या जागी हलवा आणि शेजारच्यांवर नजर ठेवा.

९. नोंदवही

वही किंवा स्प्रेडशीट, काहीही चालेल. कंपनी, सेट, वर्ष, क्रमांक, मागची बाजू कोणती, दर्जा, कुठून घेतलं, टपालासकट किती पडलं. ‘टपालासकट’ हा रकाना विसरू नका, नाहीतर आपण किती स्वस्तात घेतलं याच्या गप्पा मारत बसतो. हवी असलेली कार्डं वेगळ्या यादीत लिहा, तिला संग्राहक ‘वाँट्स लिस्ट’ म्हणतात. विक्रेत्याला नुसते क्रमांक पाठवले की तो आपल्याकडचे शोधून कळवतो.

जास्तीची कार्डं साठवू नका. तीच बदल्यात देऊन हवी ती मिळतात. अदलाबदल करताना दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, कार्ड आधी प्लास्टिकच्या कप्प्यात आणि मग दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून बांधा. चिकटपट्टी पुठ्ठ्याला लावा, कप्प्याच्या तोंडाला नाही. समोरच्याने पाकीट उघडताना कार्ड ओढलं की त्याचा कोपरा पट्टीला चिकटूनच बाहेर येतो.